वर नाव सपनाचं

दर गुरुवारी सकाळी आठपासून देवळी-पुलगाव रस्त्यावर जीपगाड्यांची रांग लागायची. हिंगणघाटकडून, आर्वीकडून, थेट तळेगावकडून माणसं यायची आणि त्रिलोचन महाराजांच्या टिनाच्या मंडपात दाटीवाटीनं बसायची. मंडपाच्या टोकाला काचेची एक गार खोली होती. आत सहा कंप्युटर. प्रत्येकाच्या कपाळी शेंदूर, गळ्यात झेंडूचा हार. माऊसला वेगळं कुंकू, कारण तो गणपतीचं वाहन. हे मी गमतीनं सांगत नाही, तसं महाराज मायकवरून सांगत आणि लोक खरोखर माऊसच्या पाया पडत.

या सहा कंप्युटरांवर महाराजांचं ‘दिव्यदर्पण’ उघडायचं. म्हणजे इंटरनेटवरची एक साइटच. नाव नोंदवलेल्या भक्ताला एक परवलीचा शब्द मिळे. त्यानं बसायचं, आपलं गाऱ्हाणं लिहायचं आणि पुढच्या गुरुवारी येऊन त्याच पानावर महाराजांचं उत्तर वाचायचं.

“तुमी लिहान, मी वाचीन आन् वरचा पाहीन. चौथा कोणी नाई,” महाराज सांगत.

२००८च्या जानेवारीपर्यंत चौथा कोणी नव्हताही. मग चमत्कार सुरू झाला. एखादा आपलं पान उघडी, तर वरच्या पट्टीत त्याचंच नाव, पण खाली त्यानं कधीच न लिहिलेलं काहीतरी! शेजाऱ्याची बकरी चोरल्याची कबुली. भावाच्या सातबाऱ्यावर खोटा अंगठा. माणूस खुर्चीतून उठे, “महाराज, हे म्या लिहिलं नाई जी!”

महाराज डोळे मिटून हसत. “तू नाई लिहिलं, बाप्पा. तुह्या आत्म्यानं लिहिलं. जो पुरं कबूल करते, त्याचं दर्पण झाकून ठेवते. ज्यानं अर्धं लपवलं, त्याचं उघडं पाडते. म्हणून सांगतो, लिहा. सगळं लिहा!”

झालं. लोक भीतीनं सगळं लिहू लागले. बापाला, नवऱ्याला, डॉक्टरला न सांगितलेलं त्या पेटीत ओतू लागले. जितकं लिहीत तितकं उघडं पडे आणि जितकं उघडं पडे तितकी गर्दी वाढे. दुसऱ्याचं पाप फुकटात बघायला मिळत असेल तर माणूस तिन्ही त्रिकाळ भक्त होतो.

मी मयुरी. या कथेत मी जे केलं ते समाजाच्या भल्यासाठी केलं असं कोणी म्हणालं तर मी मान डोलावत नाही. मी सूड घेतला.

*

सपना माझी थोरली बहीण. वडनेरला दिलेली. नवरा धर्मेंद्र, त्याचं सिमेंट-लोखंडाचं दुकान. सासू प्रमिलाबाई आणि हिंगणघाटच्या कॉलेजात शिकणारी नणंद रुपा. सपनाला तीन वर्षांची मुलगी, चिमी. प्रमिलाबाईंना नातू हवा होता, तो होत नव्हता, म्हणून एप्रिलातल्या एका गुरुवारी सगळं घर जीप करून महाराजांकडे आलं. त्याआधी दोनदा येऊन गेलेलंच होतं.

महाराज दर गुरुवारची सीडी काढून विकत. त्या दिवसाची सीडी माझ्याकडे आहे. त्यात सपना तिसऱ्या कंप्युटरवर बसते, तिच्या उजवीकडे चौथ्यावर रुपा. मागे चिमीला कडेवर घेतलेल्या प्रमिलाबाई, दाराशी धर्मेंद्र. सपना पान उघडते आणि गोठते. महाराजांचा कंप्युटरवाला भूपेंद्र तयारच असतो. तो एक वायर काढून दुसरी लावतो, आणि सपनाचं पान मंडपातल्या पांढऱ्या पडद्यावर हत्तीएवढं होतं.

वर नाव : सौ. सपना धर्मेंद्र. मुक्काम वडनेर.

खाली मजकूर : ‘मले दिवस गेलते. कोणाले न सांगता वर्ध्याले जाऊन मी मोकळी झाली. आता झोप लागत नाई. महाराज, मले माफी हाय काय?’

भूपेंद्रनं तो मायकवर वाचला. दोनदा.

“माह्या नातवाले मारलं व तुनं!” प्रमिलाबाईंचा आवाज सीडीत फाटून येतो. “कुळबुडवी! वर्ध्याले कोणासंग गेलती? सांग!”

मंडप उठून उभा राहतो. बाया बोटं मोडतात. महाराज हात वर करून सगळ्यांना शांत करतात आणि गोड आवाजात म्हणतात, “माय, आरसा खोटं बोलत नाई. तोंडच वाकडं असन तं आरशाले काऊन दोष?”

आणि सपना? ती एकदा तोंड उघडते. उजवीकडे बघते. मग तोंड मिटते. एवढंच. सीडी संपेपर्यंत ती एक शब्द बोलत नाही. तिचं हे गप्प राहणं मला कित्येक दिवस कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिच्याबद्दल नको ते माझ्याही मनात येऊन गेलं.

त्याच दुपारी तिला मंडपात सोडून जीप वडनेरला गेली. चिमी जीपमध्ये. सपना उन्हात चालत देवळीच्या बाजारात आईच्या बांगड्यांच्या दुकानात आली आणि पाणी मागितलं. आठवड्यानं आई वडनेरला चिमीला आणायला गेली, तेव्हा प्रमिलाबाईंनी दार अर्धंच उघडलं.

“खुनी बाईच्या हाती पोट्टी देत नसतो आमी,” म्हणाल्या आणि दार लावलं. आतून चिमी रडत होती. आई, लीलाबाई, आयुष्यभर परक्या बायांचे हात हाती घेऊन बांगड्या भरणारी बाई. त्या दिवसापासून तिच्या हातून बांगड्या तडकायला लागल्या.

*

मी तेव्हा नागपुरात एका छोट्या कंपनीत होते. दुसऱ्यांच्या साइट ज्या मोठ्या कंप्युटरांवर चालतात, ते सर्व्हर आम्ही भाड्यानं देत असू आणि सांभाळत असू. आईनं पाठवलेली सीडी मी तिथेच, जेवणाच्या सुटीत पाहिली.

पहिल्यांदा रडले. दुसऱ्यांदा दात आवळले. तिसऱ्यांदा मात्र मला पडद्यावर एक रेघ दिसली. वरची नावाची पट्टी आणि खालचा मजकूर यांच्या मधली रेघ. म्हणजे पान एकसंध नव्हतं. दोन तुकडे होते, आणि ते दोन तुकडे सर्व्हरकडे केलेल्या दोन वेगवेगळ्या मागण्यांनी येत होते. वरचा आधी, खालचा मागून.

मी जेवणाचा डबा बंद केला. दिव्यदर्पण आमच्याच कंपनीच्या सर्व्हरवर चालत होतं. जानेवारीत, गर्दी वाढली म्हणून त्याला दुसरा सर्व्हर जोडा अशी मागणी आली होती, आणि तो मी जोडला होता. या माझ्या हातांनी.

जानेवारीत दुसरा सर्व्हर. जानेवारीत पहिला चमत्कार.

संध्याकाळपर्यंत मी सर्व्हरांच्या नोंदी उपसून काढल्या. भूपेंद्रनं साइट लिहिली होती ती एकाच सर्व्हरच्या हिशेबानं. आत आलेल्या प्रत्येक माणसाला सर्व्हर एक नंबर देई, एक, दोन, तीन असा, आणि पुढे त्या नंबरावरूनच त्याला ओळखी. आता सर्व्हर दोन झाले, पण दोघेही आपापले एकपासूनच मोजत होते. त्या गुरुवारी पहिल्या सर्व्हरवरचा एक्केचाळीस नंबर होता सपना. दुसऱ्या सर्व्हरवरही एक एक्केचाळीस नंबर होता. सपनाच्या मागोमाग, अर्ध्या मिनिटानं आत आलेला. सपनाच्या नावाखाली जो मजकूर दिसला, तो त्या दुसऱ्या एक्केचाळीसचा होता.

त्याचं नाव होतं रुपा.

आणि नोंदींसोबत तक्रारींच्या फाइलमध्ये मला आणखी एक गोष्ट सापडली. फेब्रुवारीत आमच्याच एका सहकाऱ्यानं भूपेंद्रला कळवलं होतं : तुमच्या साइटवर दोन माणसांची पानं एकमेकांत मिसळत आहेत, दोन्ही सर्व्हरांना नंबरांची एकच वही द्या, एका दिवसाचं काम आहे. खाली भूपेंद्रचं उत्तर होतं : ‘प्रकार आमच्या लक्षात आला आहे. दुरुस्ती करू नये. आहे तसेच चालू ठेवावे, अशी महाराजांची इच्छा आहे.’

तोवर मला वाटत होतं, ही चूक आहे. चुकीवर माणूस चिडतो. ते उत्तर वाचल्यावर मी चिडले नाही. मी त्याचा कागदावर छाप काढला, चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये ठेवला.

साहेबांकडे गेले. ते म्हणाले, “ग्राहकालाच दुरुस्ती नको आहे ना? मग आपल्याला काय करायचंय?”

*

शनिवारी देवळीला गेले. सपना दुकानाच्या मागच्या खोलीत खोकी लावत होती. मी धापा टाकत सांगितलं, “ताई, ते तुह्यं नव्हतंच! ते रुपाचं होतं! माह्याकडं पुरावा हाय!”

सपनानं खोकं खाली ठेवलं. “मले माहीत हाय.”

“माहीत हाय?”

“मीच नेलतं तिले वर्ध्याले. दोन दिवस तिच्यापाशी होती मी. सासूले सांगितलं, माहेरी जातो म्हणून.” ती अगदी हळू बोलत होती. “पडद्यावर पाहिलं तवाच समजलं, हे रुपाचं. तिच्याकडं पाहिलं, तं पोरगी पांढरी पडलती.”

“आन् तू गप्प राहिली? तुह्यी चिमी घेऊन गेले ते! आन् ती रुपा, ती तरी बोलली काय?”

“वीस वरसाची हाय ती, मयू. तिचं नाव घेतलं असतं तं त्या मंडपातून जित्ती बाहेर आली नसती.”

“मी घेतो नाव! त्या प्रमिलाबाईले तिच्याच पोरीचं...”

सपनानं माझं मनगट धरलं. लहानपणी मार देताना धरायची तसं. “तू रुपाचं नाव घेतलं तं तुह्यं माह्यं नातं तुटलं. मंग पाहून घे.”

मी आजही खोटं बोलणार नाही. मला रुपाचं नाव घ्यायचंच होतं. प्रमिलाबाईंचं तोंड कसं होईल ते मला बघायचं होतं. तो घास सपनानं माझ्या तोंडातून काढून घेतला, आणि मला फक्त महाराज उरला. मग मी सगळी भूक त्याच्याकडे वळवली.

प्रश्न असा होता : दर्पण खोटं दाखवतं हे सिद्ध करायचं, पण खरं कोणाचं होतं ते सांगायचं नाही. नोंदी दाखवाव्या तर रुपाचं नाव दिसतं. दुसऱ्या भक्तांची पानं दाखवावी तर मीही महाराजच झाले. तीन दिवस विचार करून मी आईला म्हटलं, “आई, दर्पण असं काही बोललं पाहिजे की जे खरं असूच शकत नाई. तेही महाराजाच्याच नावाखाली.”

आई चिरलेला कांदा परातीत लोटत होती. महाराजांचं पोट तिला आठवलं असावं. कफनीच्या आत ते दुधी भोपळ्यासारखं डुलत असे. ती हसली. त्या महिन्यातलं तिचं पहिलं हसू.

“काय लिहाचं ते मी सांगतो,” म्हणाली.

*

गुरुपौर्णिमेला महाराज स्वतःचं दर्पण सगळ्यांसमोर उघडत. ‘गुरूच्या आरशात डाग नाही’ हे दाखवायला. त्यांच्या पानावर फक्त ओंकार होता.

आम्हाला करायचं होतं ते सोपं होतं. सर्व्हरला हात लावायचा नव्हता, काही फोडायचं नव्हतं. नवीन येणारा माणूस आळीपाळीनं एकदा या सर्व्हरला, एकदा त्या सर्व्हरला जाई. म्हणजे लागोपाठ आत येणाऱ्या दोघांना दोन सर्व्हरांवर एकच नंबर मिळे. महाराजांच्या ऐन आधी एक आणि ऐन नंतर एक, अशा आम्ही दोघी आत शिरलो, तर दोघींपैकी एकीचा नंबर महाराजांच्या नंबराशी जुळणारच होता.

पण माझ्याबरोबर बसणार कोण? आई म्हणाली, “मी.” तिनं जन्मात कंप्युटर पाहिला नव्हता. मी कीबोर्डवर मराठी अक्षरांचे स्टिकर लावून घेतले आणि दोन महिने रविवारच्या रविवार तिला एका बोटानं शिकवलं. ती बांगडी चढवावी तशी जपून कळ दाबायची. आम्ही दोघींनी भक्त म्हणून नाव नोंदवलं, आणि दोघींनी गाऱ्हाण्यात शब्दाला शब्द एकच मजकूर लिहिला.

गुरुपौर्णिमेच्या सकाळी मंडपात मुंगीला जागा नव्हती. वडनेरचंही सगळं घर आलं होतं. कडेवरच्या चिमीनं सपनाला लांबून पाहिलं आणि हात पसरले. प्रमिलाबाईंनी तिचं तोंड फिरवलं.

आई आणि मी काचेच्या खोलीत महाराजांच्या दोन बाजूंना जागा धरून बसलो. भूपेंद्र मला ओळखत नव्हता, त्यानं फक्त कंपनीची पत्रं वाचलेली. शंख वाजला. आई परवलीचा शब्द टाकून दर्पणात शिरली. महाराजांनी आपला शब्द टाकला. लगेच मी आत शिरले.

पडद्यावर ओंकार उमटला. वर नाव : श्री त्रिलोचन महाराज. जयजयकारानं टिन थरथरलं.

 मला माहीत होतं असं होऊ शकतं. गर्दी नसली की माणूस आपल्याच सर्व्हरवर राहतो. सर्व्हर दमला की माणसं दोन्हीकडे वाटून देणारं मधलं यंत्र त्याची पुढची मागणी शेजारच्या सर्व्हरकडे लोटतं, आणि घोळ तेव्हाच होतो. म्हणून तर चमत्कार नेहमी भर गर्दीतच व्हायचे. ‘भक्तांची शक्ती एकवटली पाहिजे,’ असं महाराज त्याचं कारण सांगत.

तेवढ्यात महाराजांनी स्वतःच माझं काम केलं. मायक हाती घेऊन ते गरजले, “ज्याच्या घरी, ज्याच्या दुकानात कंप्युटर असन त्याले फोन करा! गुरूसंग सगळ्यायनं दर्पण उघडा! शक्ती एकवटू द्या!”

मंडपातले शंभर मोबाइल कानाला लागले. वर्धा, हिंगणघाट, पुलगावच्या कॅफेंतून लोक दर्पण उघडू लागले. सर्व्हर धापा टाकू लागला असणार. मी हात जोडले. “महाराज, मांगच्या बायकायले दिसलं नाई जी. एकडाव आणखी उघडा ना.”

महाराजांनी प्रसन्न होऊन कळ दाबली.

वर नाव : श्री त्रिलोचन महाराज.

खाली मजकूर : ‘मले सहावा महिना चालू हाय. पोट दिसू नाई म्हणून ढगळे कपडे घालतो. बाप कोण ते सांगाची लाज वाटते.’

 मागच्या बाजूनं कोणीतरी ते मोठ्यानं वाचलं. दोन हजार डोळे पडद्यावरून महाराजांच्या पोटाकडे गेले. एक म्हातारी फिसकन हसली. आणि मग जो हशा फुटला, तो थांबेना.

भूपेंद्र वायरीकडे धावला. आईनं पाय मध्ये घातला. तो झेंडूच्या हारात आडवा झाला.

मी मायक घेतला. “महाराज, आरसा खोटं बोलत नाई ना?”

“ही... ही माया हाय! दुष्ट शक्तीनं...”

“एप्रिलात माह्या बहिणीचं नाव होतं तवा माया नव्हती. तवा तोंड वाकडं होतं. आता सांगा, सुईण बोलावू काय?”

महाराज उठायला गेले. कफनी खुर्चीच्या हाताला अडकली आणि ते पुन्हा बसले. एवढं सुख मला त्याआधी कधी झालं नव्हतं. तो माणूस घामानं भिजला होता, आणि मी त्याला रुमालही दिला नाही.

“हसून घरी जाऊ नका,” मी लोकांना म्हटलं. “मंडपाच्या बाहेर दोन चप्पलस्टँड हाय. दोघंही पितळी बिल्ला देतात, दोघंही एकपासून नंबर देतात. तुमी डाव्या स्टँडवर चप्पल ठेवली, एक्केचाळीस नंबरचा बिल्ला घेतला आन् निघताना उजव्या स्टँडवर दिला, तं काय भेटन?”

“दुसऱ्याची चप्पल!” पुढचा एक म्हातारा म्हणाला.

“मंग ते चप्पल तुमच्या आत्म्यानं घातलती काय?”

हशा.

“या साइटले दोन कंप्युटर हाय, नागपुरात. दोघंही एकपासून नंबर देतात. गर्दी झाली की तुमचा बिल्ला दुसऱ्या खिडकीत जातो. वर नाव तुमचं, खाली गाऱ्हाणं दुसऱ्याचं. हे जे पडद्यावर हाय ते माह्या आईनं आन् म्या लिहिलं. महाराज पोटुशे नाईत. तसंच माह्या बहिणीच्या नावाखाली जे दिसलं, ते माह्या बहिणीचं नव्हतं.”

मग मी पर्समधून कागद काढला, चार घड्या उलगडल्या आणि भूपेंद्रचं उत्तर वाचलं. ‘दुरुस्ती करू नये. अशी महाराजांची इच्छा आहे.’ सपनाचं गाऱ्हाणं म्हणून जे वाचलं गेलं होतं, तितक्याच वेळा, दोनदा, वाचलं.

हसणं थांबलं. पुढचा म्हातारा उठला. त्याच्यावर भावाची फसवणूक केल्याचा आळ याच पडद्यानं घातला होता. “म्हणजे तुले माहीत होतं?” तो महाराजांना म्हणाला. “माह्या भावानं तीन महिने माह्याशी बोलणं टाकलं, आन् तुले माहीत होतं?” मग दुसरा उठला. मग एक बाई. हात कोणी उचलला नाही, पण महाराज मागच्या दारानं गेले तेव्हा त्यांच्या पाया पडायला कोणी वाकलं नाही.

प्रमिलाबाई गर्दीतून पुढे आल्या. “मंग ते कोणाचं होतं?”

त्यांच्या मागे रुपा उभी होती. ओठ पांढरे. नाव माझ्या जिभेवर आलं होतं. नुसतं ओठ उघडायचं काम होतं, आणि त्या बाईचं घर तिच्या डोक्यावर कोसळलं असतं. मी सपनाकडे पाहिलं.

“ज्या बाईचं होतं तिचं,” मी म्हणाले. “तुमचं नव्हतं न् सपनाचंही नव्हतं.”

सपनानं हात पुढे केले. “चिमीले द्या.”

प्रमिलाबाईंनी चिमीला घट्ट धरलं, पण तोवर चिमीच खाली घसरली होती आणि सपनाच्या पदराला लोंबकळत होती. धर्मेंद्र घसा खाकरून म्हणाला, “झालं ते झालं. घरी चाल.”

“त्या सीडीत तुमी एक शब्द बोललेले दाखवा,” सपना म्हणाली. “मंग येतो.”

तो त्यानंतर चार वेळा देवळीला आला. तो शब्द त्याला सापडला नाही. सपनानं बाजारात आईच्या दुकानाशेजारी शिवणयंत्र टाकलं, चिमीला बालवाडीत घातलं आणि कोर्टातून जे तिचं होतं ते मागून घेतलं.

कंपनीनं मला आठवड्याच्या आत काढून टाकलं. ग्राहकाचं पत्र बाहेर वाचलं म्हणून. बरोबरच होतं त्यांचं. दिव्यदर्पण पुढच्याच महिन्यात बंद पडलं. तेव्हा असल्या बुवाबाजीसाठी वेगळा कायदा नव्हता, त्यामुळे महाराजांना तुरुंग काही झाला नाही. पण ते ज्या गावी जात तिथं पोरं विचारत, “महाराज, बाळंतपण झालं काय?” मला ते पुरेसं वाटत नाही. आजही वाटत नाही.

रुपा एकदा दुकानात आली, सपनाच्या पायाशी बसून रडली. सपनानं तिला उठवलं, चहा पाजला आणि बसमध्ये बसवून दिलं. मी आतच राहिले. मला ते जमलं नसतं.

दिवाळीनंतर प्रमिलाबाईही आल्या. एकट्या. सपना माल आणायला वर्ध्याला गेली होती, दुकानात मी होते.

“तुले माहीत हाय ते कोणाचं होतं,” त्या म्हणाल्या. “मले नाव सांग. मी कोणाले बोलत नाई.”

“मावशी,” मी म्हणाले, “एप्रिलात त्या मंडपात हजारभर माणसं होती. पडद्यावर अक्षरं दिसली, आन् सगळ्यायनं एकच पाहिलं : पाप कोणाचं. एकानं तरी विचारलं काय, की हे दिसलं कसं? एकानं विचारलं असतं ना, तं महाराजाले तिथंच गुंडाळावं लागलं असतं. तुमची सून घरात राहिली असती. न् आजही तुमी माह्या दारात येऊन ‘कोण’ असंच विचारून राह्यल्या.”

 त्या गेल्या नाहीत. एका गिऱ्हाइकाला मी दोन डझन हिरव्या बांगड्या भरल्या, तेवढा वेळ त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत उंबऱ्याशी उभ्या होत्या.

“मंग सांग,” शेवटी म्हणाल्या. “कसं दिसलं ते तं सांग.”

मी त्यांना माफ केलं नव्हतं. तरी स्टूल पुढे सरकवला, बसा म्हणाले, आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.